चेहरा आला का

बाईंच्या सिनेमात नट नसत. लॉन्ड्रीतली इस्त्रीवाली हवी असेल तर त्या लॉन्ड्रीत जाऊन बसत, बसचा ड्रायव्हर हवा असेल तर डेपोच्या कँटीनमध्ये. लोकांना सवय होईपर्यंत नुसत्या बसून राहत आणि मग एक दिवस हळूच विचारत, "माझ्या सिनेमात काम कराल का?" सिनेमात संगीत नाही, रडारड नाही. माणूस खोलीतून निघून गेला तरी कॅमेरा रिकाम्या दारावर थांबलेला. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटायचं, बंद करायला विसरले की काय. पण ज्यांना ते आवडायचं त्यांना इतकं आवडायचं, की लहानशा थिएटरात बाईंचा एकच खेळ लागला तरी ते परगावाहून यायचे.

दुसरा नियम पहिल्याहून कडक होता. एकदा कॅमेऱ्यासमोर उभा राहिलेला माणूस पुन्हा घ्यायचा नाही. "स्वतःला पडद्यावर बघितलं की माणूस बिघडतो," बाई म्हणत. "मग तो दार उघडत नाही, दार उघडताना आपण कसे दिसतो ते दाखवतो."

या नियमांनी त्यांचं नाव झालं आणि याच नियमांपायी त्यांची चारचौघांत शोभाही झाली. मागच्या सिनेमातल्या इस्त्रीवालीचं सगळीकडे कौतुक झालं होतं. एका खेळानंतर प्रश्नोत्तरं चालू असताना मागच्या रांगेतून एक गृहस्थ उठले आणि त्यांनी एक जुना फोटो वर धरला. फोटोत तीच इस्त्रीवाली होती, नाटकातल्या राणीच्या वेषात. लॉन्ड्रीत लागण्याआधी ती काही वर्षं रंगभूमीवर होती आणि बाईंना तिनं ताकास तूर लागू दिली नव्हती. सभागृहात हशा पिकला. एका मासिकानं मथळा दिला, 'खऱ्या माणसांचा खोटा सिनेमा'. तेव्हापासून दुकानदार मोठी नोट उजेडात धरून बघतो, तशा बाई प्रत्येक नव्या माणसाकडे बघायला लागल्या.

नवा सिनेमा एका बापाचा आणि मुलीचा होता. मुलगी दुसऱ्या शहरात राहायला निघाली आहे. बाप तिचं सामान बांधायला मदत करतो, आणि 'जाऊ नकोस' एवढं सोडून बाकी सगळं बोलतो. मुलीच्या भूमिकेसाठी औषधांच्या दुकानातली एक मुलगी मिळाली होती. बाप काही मिळत नव्हता. सायकल दुरुस्तीच्या दुकानावरची खोली भाड्यानं घेऊन बाई रोज माणसं बघत होत्या. शाळामास्तर आले, पोस्टातले निवृत्त साहेब आले, एक दाताचे डॉक्टर आले. कोणी कॅमेऱ्याकडे चोरून बघायचं, तर कोणी न बघण्याचा इतका आटापिटा करायचं की मान आखडायची.

मग दादानं एक माणूस आणला. दादा म्हणजे बाईंचा थोरला भाऊ. पहिल्या सिनेमापासून गाडी, जागा, जेवण, माणसं, सगळं तोच बघायचा. "हे लिफ्ट दुरुस्त करायचे," दादा म्हणाला. "आता रिटायर झालेत. बघ जमतात का."

माणूस साठीचा, अंगानं भरलेला, डोक्यावर जेमतेम केस, दाढीमिशी सफाचट. बाईंनी त्याला एक खोका बांधायला सांगितलं. त्यानं खोका जवळ ओढला, सुतळीचं टोक दातात धरलं आणि खाली मान घालून बांधायला लागला. कॅमेरा नावाची वस्तू खोलीत नाहीच, असा. बांधून झाल्यावर त्यानं गाठ ओढून पाहिली, खोक्यावर हात ठेवला आणि तसाच बसून राहिला. कॅमेरामननं कॅमेऱ्यावरचा डोळा न काढता बाईंकडे अंगठा वर केला.

"आधी कुठं काम केलंय?" बाईंनी विचारलं.

"लिफ्टच्या कंपनीत. तीस वर्षं."

"तसं नाही. सिनेमात, नाटकात?"

त्यानं उरलेली सुतळी गुंडाळून ठेवली. "मी आजवर कुठल्याच सिनेमात दिसलेलो नाही, बाई."

उत्तर सरळ होतं, पण बाईंना ते कुठंतरी टोचलं. साधा माणूस नुसतं 'नाही' म्हणाला असता. पण शूटिंगची तारीख डोक्यावर आली होती. त्यांनी त्याला घेतलं. सगळे त्याला काका म्हणायला लागले.

शूटिंग एका रिकाम्या फ्लॅटमध्ये होतं. पहिल्या दोन दिवसांत बाई खूश झाल्या आणि तिसऱ्या दिवसापासून त्यांची झोप उडाली. काकांना काही शिकवावंच लागत नव्हतं. जमिनीवर चिकटवलेल्या पट्टीपाशी ते खाली न बघता बरोबर थांबायचे. कपाटाचं दार आपटायच्या आधी ध्वनिमुद्रकाकडे वळून विचारायचे, "आवाज घेताय ना?" बाई 'कट' म्हणाल्या की औषधाच्या दुकानातली मुलगी लगेच हुश्श करायची. काका मात्र क्षणभर तसेच थांबायचे, मग सैल व्हायचे.

जेवणाच्या सुट्टीत बाई कॅमेरामनला बाजूला घेऊन म्हणाल्या, "हा माणूस शिकलेला आहे."

"असेना. काम काय सुंदर करतोय."

"तीच तर भीती आहे. कुठंतरी पाणी मुरतंय. कोणीतरी पेरलाय याला."

"कोण पेरणार? आणि कशाला?"

"मागच्या वेळी फोटो घेऊन आलेच होते ना लोक?"

कॅमेरामननं खांदे उडवले. बाई तिथंच थांबल्या नाहीत. त्यांनी काकांच्या जुन्या कंपनीत फोन लावला. तिथून कळलं की हो, या नावाचा मेकॅनिक होता, चांगला होता. बाईंना वाटलं, होता म्हणजे काय, इस्त्रीवालीही लॉन्ड्रीत होतीच. त्यांनी औषधाच्या दुकानातल्या मुलीला विचारलं, काका मधल्या वेळात काय बोलतात. ती म्हणाली, "काही नाही. मला म्हणाले, तुझा चेहरा खिडकीच्या बाजूला ठेव, उजेड चांगला येतो." लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याला हे कोणी सांगितलं?

आणि मग तो फोन. दुपारी पॅकअपनंतर बाई जिन्यानं उतरत होत्या. खालच्या वळणावर काका पाठमोरे उभे राहून फोनवर बोलत होते.

"दाराजवळचा भाग झाला आज," काका सांगत होते. "हो... हो, मीच होतो मधोमध. चेहरा आला का म्हणजे? आला असणार. कॅमेरा समोरच होता... नाही, बाईंना काही संशय नाही. दादा आहेत ना, ते सांभाळतात."

बाई होत्या तिथंच उभ्या राहिल्या. काका फोन खिशात टाकून निघून गेले. बाईंना काही संशय नाही. दादा सांभाळतात. म्हणजे बाहेरचा माणूस पेरला, आणि पेरणारा घरचाच.

दादाला त्या त्याच दिवशी जाब विचारू शकल्या असत्या. विचारला नाही. त्या आतल्या गाठीच्या होत्या, आणि अर्धा सिनेमा अडकलेला होता. त्यांनी दुसरीच वाट काढली. पुढच्या दिवसापासून त्यांनी काकांना पाठीमागून घ्यायला सुरुवात केली. खोका बांधणारे नुसते हात. दाराबाहेरून येणारा नुसता आवाज. उद्या कोणी पुन्हा फोटो घेऊन उभं राहिलंच, तर हा माणूस सिनेमातून उपटून काढता यावा आणि दुसऱ्याला घेऊन भोक बुजवता यावं, असा हिशोब होता. कॅमेरामन कुरकुरला. बाईंनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

काका हे सगळं पाहत होते. एकदा कॅमेरा त्यांच्या मागं लावला जात असताना ते मान वळवून शांतपणे म्हणाले, "आज परत पाठच का, बाई?"

"त्या प्रसंगाला तेच बरं दिसतं."

"बरं," काका म्हणाले. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. त्या दिवशी त्यांनी खोका इतक्या घट्ट बांधला की नंतर तो कापूनच काढावा लागला.

रविवारी सुट्टी होती. दादाच्या टेबलावरून पत्ता घेऊन बाई काकांच्या घरी गेल्या. काय सांगायचं ते ठरवून गेल्या होत्या, की बापाच्या खोलीसाठी जुन्या वस्तू बघायला आले. मनात होतं ते वेगळंच. भिंतीवर नाटकातला एखादा फोटो, कपाटावर एखादी ढाल, काहीतरी सापडेल.

दार एका ठेंगण्या, चष्मा लावलेल्या बाईनं उघडलं. काकांची बायको. तिनं पाहुणीला नखशिखांत न्याहाळलं आणि बाजूला न होताच म्हणाली, "आलात? हे बाजारात गेलेत. या वेळी काय कारण आहे काढायला?"

"काढायला?"

"मागच्या वेळी तर कारणही सांगितलं नव्हतं."

बाईंना काही कळेना. "आपण आधी भेटलोय का?" त्यांनी विचारलं.

काकू दारातून बाजूला झाल्या. "बसा आत. तुम्हाला खरंच माहीत नाही, असं दिसतंय."

खोलीत ना फोटो होता ना ढाल. एक टेबल, चार खुर्च्या, खिडकीत वाळत घातलेले टॉवेल. काकूंनी पाणी आणून ठेवलं आणि समोर बसून, कोणा तिसऱ्याचीच गोष्ट सांगावी तसं सांगितलं.

"तुमचा पहिला सिनेमा. त्या मोठ्या इमारतीतल्या जिन्यांचा. हे तेव्हा त्या इमारतीची लिफ्ट बघायचे. तुम्ही यांना विचारलंत, लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याचंच काम कराल का. उन्हाळाभर हे तुमच्याकडे होते. रजा टाकल्या, मिशा वाढवल्या, कारण तुम्हाला मिशा हव्या होत्या. पट्टीवर थांबायचं कसं, आवाज कधी करायचा नाही, उजेडात तोंड कसं ठेवायचं, तुम्हीच शिकवलंत. रोज येऊन मला करून दाखवायचे."

बाईंचा हात ग्लासवरच राहिला.

"मग पहिल्या खेळाचं बोलावणं आलं. मी गेले, सासूबाई आल्या, माझे आईवडील आले, माझा भाऊ सहकुटुंब आला. नवे कपडे घालून एक अख्खी रांग आमची. सिनेमा सुरू झाला. आम्ही वाट बघतोय. लिफ्ट येते, लिफ्ट जाते, हे काही दिसत नाहीत. तिसऱ्या मजल्यावरच्या दारात एक कोपर दिसलं. सासूबाई मोठ्यानं म्हणाल्या, हा आपलाच. तेवढंच. दिवे लागले, लोक टाळ्या वाजवत होते, आणि हे खाली बघत बसले होते. माझा भाऊ अजून यांना हिरो म्हणून हाक मारतो."

"मला..." बाई म्हणाल्या आणि थांबल्या. त्यांना आठवत होतं ते एवढंच, की सिनेमा लांबला होता, लिफ्टवाल्याचा धागा सुटा होता, आणि तो ओढून काढल्यावर बाकीचं कापड एकदम नीट बसलं होतं. चेहरा आठवत नव्हता. एकदा पाहिलेला चेहरा मी विसरत नाही, असं त्या मुलाखतींत सांगत आल्या होत्या, आणि दोन आठवडे हा माणूस त्यांच्यासमोर उभा होता.

"यांनी तुमच्याकडे परत जाऊ नये, असं माझं मत होतं," काकू म्हणाल्या. "तुमच्या भावाचा फोन आला, तेव्हा मी म्हटलं, परत हसं करून घ्यायचंय का? म्हणून मी रोज फोनवर विचारते, चेहरा आला का. खरं सांगू? मला अजूनही तुमचा भरवसा नाही."

परत जाताना बाईंना राग आला होता आणि तो नेमका कोणावर काढावा ते कळत नव्हतं. दादा ऑफिसात उद्याच्या गाड्या ठरवत बसला होता. त्या त्याच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"तू मला फसवलंस."

दादानं त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि फोन खाली ठेवला. "त्यांच्या घरी जाऊन आलीस वाटतं."

"माझा नियम तुला माहीत होता. परत तोच माणूस घ्यायचा नाही."

"तो तर पडद्यावर आलाच नाही. मग कुठला नियम मोडला?"

"शब्दात पकडू नकोस मला. सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर घेतलं असतंस?" दादा म्हणाला. "त्या दिवशी खेळ संपल्यावर तू आत लोकांच्या प्रश्नांना उत्तरं देत होतीस. मी दाराशी उभा होतो. ती सगळी रांग माझ्यासमोरून बाहेर गेली. त्याची म्हातारी आई मला म्हणाली, छान होता हो सिनेमा. तो मागून आला. मला वाटलं, आता हा माझी कॉलर धरणार. त्यानं विचारलं, दादा, पासचे पैसे द्यायचे असतात का? इतकी वर्षं ते माझ्या डोक्यातून गेलं नाही. तुला माणसं कापावी लागतात, मला कळतं. पण दाराशी उभं राहावं लागतं मला."

"आणि त्यानं उद्या याचा बोभाटा केला तर? मला बदनाम करायलाच आला असेल तर?"

"आला असेलही," दादा म्हणाला. "मी काही त्याच्या पोटात शिरून बघितलं नाही. तूच विचार."

सोमवारी बाईंनी विचारलं. दिवे लावायचं काम चालू होतं आणि काका खोक्यावर बसून वाट बघत होते. बाई दुसरा खोका ओढून त्यांच्याशेजारी बसल्या.

"ही म्हणाली, तुम्ही येऊन गेलात," काकांनीच सुरुवात केली.

"कशासाठी आलात तुम्ही परत?"

"राग म्हणून नाही. म्हणजे राग होता, नाही असं नाही. पण मला कारण कळत नव्हतं. लिफ्ट अडकली की मी खाली खड्ड्यात उतरतो आणि कुठं काय बिघडलंय ते हात लावून बघतो. इथं उतरायला जागाच नव्हती. माझं काय चुकलं होतं, बाई?"

"काही चुकलं नव्हतं. सिनेमा लांबला होता. तुमचा भाग निघू शकत होता, म्हणून काढला."

"मी वाईट काम केलं होतं का?"

गोड बोलून वेळ मारून नेणं सोपं होतं. काका त्यांच्या तोंडाकडे रोखून पाहत होते, तार तपासावी तसे. "मला आठवत नाही," बाई म्हणाल्या.

काकांनी हळूहळू मान हलवली. "हे खरं वाटतं," ते म्हणाले. थोड्या वेळानं उठून, पँट झटकत त्यांनी विचारलं, "मग आज पुढून की मागून?"

"पुढून," बाई म्हणाल्या. मागून घेतलेले सगळे प्रसंग त्यांनी त्या आठवड्यात पुन्हा घेतले. पण काकांच्या चेहऱ्यावर कॅमेरा लावला की त्यांच्या मनात यायचंच, हा आता बाप म्हणून बघतोय, की इतक्या वर्षांचा हिशोब मांडून बघतोय? दोन्ही एकच असेल, असं कॅमेरामन म्हणाला. बाईंना ते पटलं नाही, पण खोडताही आलं नाही.

खरी अडचण संकलनाच्या वेळी आली. बाईंची भाची त्यांचे सिनेमे कापायची आणि ती मावशीहून निष्ठुर होती. मुलगी गेल्यावर बाप एकटा तिच्या खोलीत येतो, खिडकी बंद करतो, उघडतो, पुन्हा बंद करतो, आणि भिंतीवरचे खिळे एकेक करून उपटतो, असा एक लांबलचक प्रसंग होता. काकांचं सगळ्यात चांगलं काम त्यातच होतं.

"मावशी, हे काढावं लागेल," भाची म्हणाली. "सिनेमा मुलीच्या टॅक्सीपाशीच संपलाय."

बाईंना ते पहिल्यांदा बघतानाच कळलं होतं. त्यांनी प्रसंग ठेवून पाहिला, काढून पाहिला, पुन्हा ठेवला. शेवटी त्यांनी आयुष्यात कधी केलं नव्हतं ते केलं. काका-काकूंना संकलनाच्या खोलीत बोलावलं. काकू पर्स मांडीवर घट्ट धरून बसल्या, जणू आता ती कोणी ओढणार आहे. काका पाठ ताठ करून बसले. बाईंनी सिनेमा त्या प्रसंगासह दाखवला.

पडद्यावर आपला नवरा खिळे उपटत असताना काकू चष्मा पुसत होत्या.

"हा शेवटचा भाग मला काढावासा वाटतो," बाई म्हणाल्या. "म्हणून बोलावलं. आधी सांगायला."

काका काही म्हणायच्या आत काकू म्हणाल्या, "काढा. लांबलंय. ती गाडीत बसली तेव्हाच मला भरून आलं होतं. मग हे आपले खिळेच उपटत बसले."

काकांनी बायकोकडे असं पाहिलं की भाचीला तोंड फिरवून हसू दाबावं लागलं. "तू त्यांच्या बाजूनं बोलतेस?"

"बाजू कसली? चेहरा भरपूर आलाय तुमचा. आता पुरे."

"सगळं काढू नका," काका बाईंकडे वळले. त्यांचा आवाज पहिल्यांदाच चढला होता. "खिडकी काढा, ती मलाही बरी वाटली नाही. खिळे निम्मे काढा. पण पहिला खिळा राहू दे. तो उपटताना मी काही करत नव्हतो हो. तो खरंच निघत नव्हता."

बाईंनी प्रसंग पुन्हा लावला. खिळा खरंच निघत नव्हता. त्यांच्या मनात पहिल्यांदा आलं ते हेच, की हा माणूस त्यांना आता काम शिकवतोय. दुसरं आलं ते, की तो बरोबर सांगतोय. पुढं दुपारभर काका आणि बाई त्या एका खिळ्यावरून भांडत राहिले. इथून कापा, नाही तिथून. काकू कंटाळून भाचीबरोबर चहा प्यायला खाली गेल्या.

सिनेमा लागला. टॅक्सी निघून जाते, मग एक खिळा, आणि अंधार. बाईंच्या इतर सिनेमांपेक्षा तो जरा जास्त चालला. एका वर्तमानपत्रात आलं की दिग्दर्शिका या वेळी पहिल्यांदाच माणसाजवळ थोडं जास्त थांबली आहे. पहिल्या खेळाला काकांकडची रांग आली होती. म्हातारी आता नव्हती, मेहुणा होता. प्रश्नोत्तरांच्या वेळी कोणीतरी विचारलं, वडील कुठं सापडले? बाईंनी माइक घट्ट धरला आणि सगळं सांगून टाकलं, पहिल्या सिनेमापासून. लोक शांत बसून ऐकत होते. काका खाली बघत होते, आणि त्यांना आनंद झालाय की अवघडल्यासारखं वाटतंय, ते मंचावरून बाईंना दिसत नव्हतं.

त्यानंतर काकांचा फोन आला नाही. बाईंना खात्री होती की ते येतील, पुढच्या सिनेमात काही आहे का म्हणून विचारतील, आणि नियम सांगून नाही कसं म्हणायचं याचा त्यांनी विचारही करून ठेवला होता. एका मालिकेवाल्यांनी काकांना बोलावलं आणि ते गेले नाहीत, एवढं दादाकडून कळलं.

"मग करतात काय?" बाईंनी विचारलं.

"घरी असतात. गल्लीतल्यांच्या लिफ्ट बघून देतात."

"काही म्हणाले का? माझ्याबद्दल?"

"काही नाही. त्यांना हवं होतं ते मिळालं, बाकी काय?"

बाईंनी पुढं विचारलं नाही. दादाच्या या उत्तरावर त्यांचा पूर्ण विश्वास बसला नव्हता. पण तो खोटं बोलतोय, असंही त्यांना वाटलं नाही. त्या खुर्ची ओढून नव्या सिनेमाच्या कामाला बसल्या.